स्वल्पविरामानं केलेला घोटाळा

बी.कॉम. करण्यापेक्षा आंतरराष्ट्रीय व्यापार आणि जोडीला एखादी परकी भाषा घ्या, असं करिअरवरच्या एका लेखात वाचलं. पटलं. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या ऑफिसात आहे. पहिल्याच वर्षी जर्मनीहून एक ड्रॉइंग आलं, वजन लिहिलेलं 1,250 किलो. मी साडेबाराशे किलो धरून कोटेशन केलं! जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम देतात. नग होता सव्वा किलोचा. साहेबांनी पाठवायच्या आधी बघितलं म्हणून वाचलो. आता आमच्यात तो किस्सा चहाबरोबर निघतोच.

पण जर्मनची नुसती ए वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची परीक्षा देऊन भागत नाही हो. त्यात नाव-गाव सांगता येतं, तक्रारीचं पत्र कळत नाही. निदान बी टू, म्हणजे चौथी पायरी तरी गाठा. शिवाय एफओबी-सीआयएफ या निर्यात सौद्याच्या अटींमधला फरक, म्हणजे जहाजभाडं नि विमा कुणाच्या गळ्यात, हे पाठ हवं.

आपल्या बेळगाव-खानापूरच्या पोरांना भाषेची भीती कसली? घरात मराठी, बसस्टँडवर कन्नड, वर्कशॉपात हिंदी चालतेच की. आणि जर्मनमधलं ‘झी’ आणि ‘डू’ तर आपलं तुम्ही आणि तू!