'पुढे असंच करत जा' म्हणे!

कालपासून डोकं जाम फिरलंय, कुठेतरी ओकल्याशिवाय बरं वाटणार नाही म्हणून लिहितेय. मण्यांचे आणि तारेचे दागिने पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून घरबसल्या शिकता येतात असं ज्याने कोणी सांगितलंय ना, त्याला एकदा माझ्यासमोर बसवा, हातात १२ नंबरची ती केसाएवढी सुई द्या आणि म्हणा, हं, कर आता तो पेयोट नावाचा, सुई-दोऱ्याने मणी विणायचा टाका, आणि पुस्तकात जेवढं लिहिलंय तेवढंच वाचून कर.

काय लिहिलंय पुस्तकात? पहिलं चित्र, १० मणी ओवा. दुसरं चित्र, एक मणी घ्या, एक सोडा, पुढच्यातून सुई काढा. तिसऱ्या चित्रात थेट चार बोटं लांब, इस्त्री केल्यासारखी सपाट पट्टी आणि खाली ओळ, "पुढे असंच करत जा." अहो पण कसंच? दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्राच्या मध्ये जे काही घडतं तेच तर मला शिकायचंय ना! त्या मधल्या वेळात माझ्या हातात पट्टीबिट्टी काही नसते, दोऱ्यावर गरगरा फिरणारी एक अळी असते, वरचा मणी कुठला खालचा कुठला कळत नाही, आणि एका बोटाने धरावं तर दुसरीकडून सुटतं. आधी ओवलेले ते १० मणी म्हणजे एक ओळ नसून दोन ओळी असतात, तिसरी ओळ घालताना ते एकाआड एक वरखाली सरकतात, हे साधं वाक्य छापायला काय शाई संपली होती? हे मला कळेपर्यंत मी नऊ वेळा उसवलं. सुरुवातीला एक जादा मणी दोनदा ओवून दोऱ्यावर अडवून ठेवायचा, म्हणजे बाकीचे घरंगळत नाहीत, ही गोष्ट मला तिसऱ्या पुस्तकात सापडली आणि ती पण शेवटून दुसऱ्या पानावर, अगदी बारीक अक्षरात.

आणि सम संख्येने केलं तरच ओळीच्या टोकाला सुई सरळ वळते बरं का. नक्षीला मधोमध रेघ हवी असेल तर मणी विषम लागतात, आणि मग एकाआड एक ओळीच्या शेवटी नवा मणी अडकवायला पुढे काही नसतंच, तिथे इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवून परत यावं लागतं. पुस्तकातली नक्षी विषम, कृती सम. अभिनंदन.

मापांचा तर विषयच काढू नका. ११/० म्हणे. मला वाटलं ११ मिमी असतील, निघाले २ मिमीच्या आसपासचे. आकडा वाढला की मणी बारीक होतो, ६/० मोठा आणि १५/० म्हणजे जवळजवळ रवा, हे उलटं गणित ज्याने काढलं त्याला नमस्कार. बरं ते शिकले, पाठ केलं, ११/० मागवले, फुलाची नक्षी विणली तर फूल चेपून लांबुळकं झालं. का? तर नक्षी होती सिलिंडर मण्यांसाठी, ते डेलिका वगैरे, नळीच्या तुकड्यासारखे सरळ कडांचे, आणि माझे होते साधे गोल. दोघांवर ११/० लिहिलेलं, पण मापात नि आकारात फरक. साहित्याच्या यादीत फक्त "११/० मणी". हं, घ्या.

तारेत तेच. "२० गेज तार घ्या." गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, पण कुठल्या पद्धतीचं २० गेज? अमेरिकन मापात ते ०.८१ मिमी, ब्रिटिश मापात ०.९१ मिमी. ऐकायला फरक कणभर वाटतो, पण मण्याच्या भोकापाशी जाऊन विचारा. मिमी लिहायला कुणी हात धरला होता का यांचा? आणि एका ठिकाणी तर त्याच २० गेजमध्ये मोती ओवून दाखवलाय, मोत्याचं भोक इतकं बारीक असतं की सहसा त्याहून बारीक, २४ किंवा २६ गेजच लागते, म्हणजे करून दाखवणाऱ्या बाईंनी एकतर भोक मोठं करून घेतलं होतं किंवा दुसरीच तार वापरली होती, पण बोलायचं नाही, अळीमिळी गुपचिळी.

व्हिडिओंबद्दल बोलू का? नमनाला घडाभर तेल. सहा मिनिटं नमस्कार, आज आपण काय करणार आहोत, हा रंग मला किती आवडतो, हे कानातले कुठल्या ड्रेसवर जातील. मग तार हातात घेतली, गोल तोंडाच्या पकडीत धरली, आणि नेमकी लूप वळवून खाली पीळ द्यायच्या क्षणाला बाईंचा पंजा कॅमेऱ्यासमोर! अख्खा पंजा! मी तो तुकडा पाव स्पीडला बघितला, थांबवून थांबवून बघितला, मला त्यांची नेलपॉलिश पाठ झाली पण दुसऱ्या हातातली पक्कड कुठे धरली होती ते आजतागायत माहीत नाही. त्यानंतर म्युझिक, सगळं भराभर पळवलेलं, आणि तयार झुमका. "बघा, किती सोप्पं!" सोप्पं तुमच्यासाठी हो, तुम्ही पाचशेवा झुमका करताय.

आणि ते एक पेटंट वाक्य, "चुकलं तर काळजी करू नका, तार सरळ करून परत वळवा." धादांत खोटं आहे हे. तार वाकवली की ती त्या जागी कडक होत जाते, तिसऱ्या चौथ्यांदा वाकवलीत की कट्ट. परत मऊ करायची तर तापवावी लागते, आणि रंगीत मुलामा दिलेली तार असेल तर तापवली की मुलामाच जळतो. शिवाय पकडीचे दात त्या मुलाम्यावर ओरखडे काढतात ते वेगळंच. दातऱ्यांची पक्कड वापरू नका हे कोण सांगणार? कुणीच नाही, ओरखडे पडल्यावर आपलं आपल्याला कळतं. मेमरी वायरचं, म्हणजे वेटोळ्याचा आकार न सोडणाऱ्या तारेचं पण असंच, ती टणक स्टीलची असते, मी ती माझ्या नव्याकोऱ्या नाजूक कटरने कापली आणि पात्याला अशी खाच पडली की आता त्याने दोरा पण धड कापला जात नाही.

साखळीच्या कड्या. "६ एमएमच्या जंप रिंग." आतून ६ की बाहेरून ६? तार १ मिमी जाड असेल तर बाहेरून ६ वाली कडी आतून ४ च असते. आतला व्यास भागिले तारेची जाडी, यावर अख्खी वीण उभी असते, एकीचं उत्तर ४ आणि दुसरीचं ६. मी आतून ६ वाल्या घेतल्या, दोनशे कड्या उघडल्या, ओवल्या, मिटल्या, अंगठ्याची सालटं निघाली, आणि बायझंटाईन नावाच्या कड्यांच्या विणीच्या साखळीच्या जागी नुसता लोळागोळा. हातात धरली की वीण विस्कटते. चूक माझीच असणार असं समजून मी दोन दिवस स्वतःला शिव्या घातल्या. (कड्या फाकवायच्या नसतात, आडव्या पिळून उघडायच्या असतात, हे मात्र प्रत्येक पुस्तकात आहे. ठळक अक्षरात. सगळ्यांनी तेवढं एकच सांगायचं ठरवलंय.)

दोरा किती घ्यायचा? "पुरेसा दोरा घ्या." वा! पुरेसा! मी पुरेसा घेतला, तो पट्टी अर्धी असताना संपला. नवा कसा जोडायचा? त्यासाठी पान ७ बघा. पान ७ वर काय, तर "दोरा मण्यांमधून फिरवून पक्का करा." कुठून कुठे फिरवू, किती मणी, गाठ मारू की नको? मग अंदाजाने फिरवायला गेले तर सुई जुन्या दोऱ्यालाच भोसकून गेली, आणि एकदा तसं झालं की उसवता येत नाही, कापायचंच.

तर काल रात्री दीड वाजता, तीन पुस्तकं उघडी, एक व्हिडिओ पॉजवर, अशा अवस्थेत माझं एक कानातलं पूर्ण झालं. खरंच छान झालंय, खोटं कशाला बोलू. लूप पण चक्क मधोमध आलीय, कशी आली देव जाणे. मग दुसऱ्या कानातल्याची कृती बघायला पान उलटलं.

"दुसरेही असेच करा."