‘एक अभ्यासक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

लाव्हातल्या बुडबुड्यांवरच्या माझ्या लेखाखाली आपली पहिलीच ओळ आहे, “कोल्हापुरात बसून हवाईच्या ताज्या लाव्हावर लिहू नये, आधी वाचावं.” मग तीन चुका: साल चुकलंय, बुडबुड्यांना ‘उकळणं’ म्हटलंय आणि स्फटिकाचा आकार फक्त थंड होण्याच्या वेगावर सोडलाय.

साल चुकलं, कबूल. हवाईतल्या किलाउएआ इकी या ज्वालामुखी-विवराचा उद्रेक १९५९ चा, मी १९६९ लिहिलं. दुरुस्त केलंय.

पण “कोल्हापुरात बसून” ही काय बोलायची पद्धत झाली? माझे आजोबा पाथरवट. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या खाणीत ते पाट्यासाठी दगड निवडायचे. थराच्या माथ्याचा भोकाभोकांचा दगड बाजूला सारायचे, भोकांत मसाला अडकतो म्हणून. खालचा घट्ट दगड सुतकीचा ठोका मारून, नाद ऐकून घ्यायचे. भोकं वरच का, हे मी त्यांना आठव्या वर्षी विचारलं होतं. उत्तर शोधायला मला वीस वर्षं लागली. खोलवर दाबाखाली पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शिलारसात, म्हणजे वितळलेल्या खडकात, विरघळलेले असतात. वर येताना दाब उतरतो, वायू सुटतो, बुडबुडे फुगतात, एकमेकांत मिसळतात, वर चढतात. वरची साय आधी गोठते आणि त्यांना तिथंच धरून ठेवते. हवाईत हे आजही घडतं. आमच्या खाणीत ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडलं. नियम तोच आहे, सर. मी तो पुस्तकाआधी दगडात पाहिला.

आणि ‘उकळणं’! ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, प्लॅजिओक्लेज या खनिजांचे स्फटिक वाढताना पाणी आत घेत नाहीत. त्यामुळं उरलेल्या रसात वायू दाटत जातो आणि पुन्हा बुडबुडे सुटतात. याला भूशास्त्रज्ञच ‘दुसरं उकळणं’ म्हणतात. उलट, पाणी निघून गेलं की तोच रस जास्त तापमानाला गोठू लागतो, म्हणजे बुडबुडेही स्फटिकांना जन्माला घालतात. लेखाचा जीव या देवाणघेवाणीत होता. तिच्याबद्दल आपण एक अक्षर लिहिलं नाहीत. वाचलात तरी का?

स्फटिकांच्या आकाराचं म्हणाल, तर कसाऱ्याकडच्या बेसाल्टातले (लाव्हा गोठून झालेल्या काळ्या दगडातले) इंचभर लांब स्फटिक लाव्हा बाहेर पडण्याआधीच जमिनीखाली वाढलेले होते, हे मला ठाऊक आहे. तो विषय त्या लेखाचा नव्हता.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा. माझं गाव मात्र मध्ये आणू नका.