दर अपडेटला गायब होणारं वायफाय: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिनक्सवर वायफाय चालत नसेल तर काय करावं, हा माझा लेख शेवटपर्यंत वाचून खरमरीत लिहिलंत, बरं वाटलं. 'छान माहिती' यापलीकडे काही लिहिणारे कमीच. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: वायफाय चालत नसेल तर मी लोकांना उगाच टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) डोकं खुपसायला लावतो. त्यापेक्षा स्वस्तातला, यूएसबीत लावायचा वायफाय डोंगल आणावा, गिटहबवरून (जिथे लोक आपला कोड ठेवतात) ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, टाकावा, विषय संपला. आणि मी तर लेखात ड्रायव्हरची साधी लिंकही दिलेली नाही. शेवटी वैतागून तुम्ही असंही लिहिलंय की लिनक्स मिंटवर (लिनक्सचा एक प्रकार) एवढं सगळं करूनही दर मोठ्या अपडेटनंतर वायफाय गायब होतं, म्हणून डेस्कटॉपवर लिनक्स बेभरवशाचं.

माझ्या मते तुमची ही शेवटची तक्रार तुमच्याच पहिल्या सल्ल्यातून आलेली आहे.

लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, सोबतच येतात. कर्नलची आतली रचना सतत बदलते आणि ती कायम ठेवण्याचं वचन कुणी देत नाही, हे मुद्दाम ठरवलेलं धोरण आहे. बदल करणाऱ्यानेच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यायचे, असा तिथला शिरस्ता. गिटहबवरचा ड्रायव्हर या घराबाहेरचा. तुम्ही 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' या कमांडींनी तो बनवून बसवता तेव्हा तो त्या क्षणी चालू असलेल्या कर्नलसाठी तयार होतो आणि त्याच आवृत्तीच्या फोल्डरमध्ये बसतो. अपडेटने नवा कर्नल आला की त्याचं फोल्डर वेगळं, आणि त्यात तुमचा ड्रायव्हर नाही. खात्री करायची असेल तर मशीन सुरू होताना ग्रब या सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेनूतल्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडून बघा. वायफाय हजर असेल.

यावर डीकेएमएस या साधनाचा उपाय आहे: प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा तयार होतो. पण मूळ कोड जुना पडला असेल तर तो कंपाइलच होत नाही, आणि अपडेटच्या धबडग्यात ती चूक कुणाच्या नजरेला पडत नाही. शिवाय सिक्युअर बूट (सुरू होताना सहीशिवायचं सॉफ्टवेअर अडवणारी सुरक्षा) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. त्यासाठी रीस्टार्टनंतर एक निळा पडदा येतो, तिथे आधी ठरवलेला पासवर्ड देऊन चावी नोंदवायची असते. बहुतेक जण तिथे घाईने एंटर दाबून पुढे जातात.

आता लिंकबद्दल. ती दिली नाही, कारण कोणत्या चिपची द्यायची? डोंगलच्या खोक्यावर 'एसी६००' लिहिलेलं असतं, ती वेगाची श्रेणी झाली. आत रिअलटेकची ८८११एयू असेल, ८८२१सीयू असेल किंवा मीडियाटेकची एमटी७६१०यू. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांतही चिप बदललेली असते. तिघींची गत वेगळी आहे. मीडियाटेकचा ड्रायव्हर २०१८ च्या ४.१९ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे, त्यामुळे काहीच करावं लागत नाही. ८८२१सीयूची सोय ६.२ मध्ये, म्हणजे २०२३ साली झाली. ८८११एयूला तर ६.१४ पर्यंत, २०२५ पर्यंत थांबावं लागलं. मिंट २१ सोबत ५.१५ कर्नल आला होता, मिंट २२ सोबत ६.८. म्हणजे ८८२१सीयू असेल तर मिंट २१ वर तुमची गिटहबवारी समजू शकतो, पण २२ वर तीच पायरी नडते: कर्नलमधला आणि बाहेरचा असे दोन ड्रायव्हर एकाच डोंगलवर हक्क सांगतात, आणि मग एकाला ब्लॅकलिस्ट करावं (म्हणजे सुरू होण्यापासून रोखावं) लागतं.

म्हणून माझा आग्रह एकाच कमांडचा होता: यूएसबीला जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी 'एलएसयूएसबी' (टर्मिनलमध्ये अर्थात छोट्या रोमन अक्षरांत). तीही अनेकदा गमतीदार उत्तर देते. काही डोंगल संगणकाला सीडी असल्याची बतावणी करतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. ओळीत 'सीडीरॉम मोड' असं काही दिसलं तर लाख ड्रायव्हर टाका, उपयोग शून्य. आधी 'यूएसबी-मोडस्विच' या प्रोग्रॅमने त्याला वायफायच्या रूपात आणावं लागतं.

इंटरनेटच नाही तर पॅकेज कुठून आणायचं, हा तुमचा प्रश्न मात्र अगदी रास्त. फोन चार्जिंगच्या केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट संगणकाला देणं) चालू करा. अँड्रॉइड फोन लिनक्सला तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळं काही टाकावं लागत नाही.

विंडोजपेक्षा वेग कमी मिळतो म्हणालात, त्याची दोन कारणं मी आधी तपासेन. एक, पॉवर सेव्हिंग. नेटवर्क सांभाळणाऱ्या 'नेटवर्क मॅनेजर'च्या फाइलमध्ये 'वायफाय पॉवरसेव्ह'समोर ३ (चालू) असेल तर २ (बंद) करा. डेस्कटॉपला कुठली बॅटरी वाचवायची आहे? दोन, डोंगल कॅबिनेटच्या मागे निळ्या यूएसबी ३ पोर्टात असेल आणि शेजारी हार्ड डिस्क लावलेली असेल, तर २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल गढुळतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलंय. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर आणा. हे दुखणं विंडोजवरही असतं, फक्त तिथे कुणी लिनक्सला शिव्या घालत नाही.

तुमच्या मशीनचं काय ते सांगायला मला 'एलएसयूएसबी'मधली डोंगलची ओळ आणि 'यूनेम -आर'चं उत्तर (चालू कर्नलची आवृत्ती) पुरेल. दोन्ही इथेच टाका. 'डीमेसेज'चा मजकूरही (कर्नलच्या नोंदी) टाकणार असाल तर त्यातला मॅक अॅड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) आधी पुसा.