पक्कं बिल घेणाऱ्यालाच पिळायचं?

सरकारला कराचा पाया रुंदावायचा, जास्त लोकांना जीएसटीत आणायचं म्हणे! मग पक्कं बिल घेणाऱ्याच्याच मानगुटीवर का बसता? सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलवाला २ लाखांचं सूत घेतो, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १०,००० रुपये सूतवाल्याला मोजतो. सूतवाल्याने पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरला नाही, की १४ तारखेच्या २बी मध्ये, म्हणजे टॉवेलवाल्याला पोर्टलवर मिळणाऱ्या खरेदीच्या यादीत, ते बिल दिसतच नाही. झालं! २० तारखेला स्वतःचा कर भरताना तेच १०,००० पुन्हा खिशातून. हातात बिल आहे, बँकेत पैसे गेल्याची नोंद आहे, पण क्रेडिट, म्हणजे आधी मोजलेल्या कराची वजावट, नाही. सूतवाला तिमाही रिटर्न भरणारा असेल आणि त्याने १३ तारखेच्या आत आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांसाठी दरमहा बिलं टाकायची सोय) बिल टाकलं नाही, तर तिमाही संपेपर्यंत पैसे अडकलेच. ते पुन्हाचे १०,००० भरायला उशीर झाला की १८ टक्क्यांनी व्याज, तेही टॉवेलवाल्याच्याच माथी. आणि शेजारी कच्च्या चिठ्ठीवर माल उचलणारा? त्याला ना ११, ना १४, ना २०. हे रोज डोळ्यांसमोर बघणारा छोटा यंत्रमागवाला आपणहून नोंदणीला कशाला येईल? अहो, सूतवाल्याने बुडवलं तर सूतवाल्याला धरा ना! त्याचा पॅन, त्याचं बँक खातं, सगळं पोर्टलवर आहे.