सँटोरिनीची राख आणि भंडाऱ्याची लाखोळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

सँटोरिनी या ग्रीक बेटावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. चार ओळींत आभार मानून मोकळे व्हावे अशी ती नाही, म्हणून हे उत्तर स्वतंत्रपणे लिहीत आहे. आपण नाव दिलेले नाही. ‘भंडारा जिल्ह्यातील एक निवृत्त कृषी अधिकारी’ एवढीच ओळख दिली आहे. इतर वाचकांसाठी आपल्या आक्षेपांचा आशय सांगतो. फवा नावाची डाळ मी बाकल्याची म्हणून सांगितली, ते चूक आहे. ती त्या बेटावर साडेतीन हजार वर्षे सलग पिकते, हा माझा दावा ऐकीव आहे. एका भीषण उद्रेकाची जागा पाहायला जाऊन वरण, भजी आणि वाइन यांचे गुणगान करणे म्हणजे ‘स्मशानात पंगत मांडणे’ आहे. ज्वालामुखीचा खडक आणि द्राक्षे दोन्ही आपल्याकडे असताना परक्या बेटाचे एवढे कौतुक अनाठायी आहे. आणि गर्दीने गुदमरलेल्या त्या बेटाची जाहिरात करून मी त्या गर्दीत भरच घातली आहे.

डाळीविषयीची चूक निर्विवादपणे माझी आहे. ‘एवढी बारीक पिवळी डाळ बाकल्याची असूच शकत नाही’, हे आपण केवळ छायाचित्रावरून ओळखलेत. इंग्रजीत बाकल्याला फावा बीन म्हणतात, आणि त्या नावसाधर्म्यावर विसंबून मी तपासून न पाहता लिहून टाकले. ग्रीक लोक बाकल्याला कुकिया म्हणतात. फवा म्हणजे डाळ शिजवून घोटलेला पदार्थ, आणि ग्रीसमध्ये इतरत्र तो साध्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचाही करतात. सँटोरिनीची अस्सल फवा मात्र ‘लॅथायरस क्लायमेनम’ या वेलवर्गीय कडधान्याची असते. आपल्या पूर्व विदर्भात भातानंतरच्या ओलीवर जी लाखोळी घेतात ती ‘लॅथायरस सॅटायव्हस’. म्हणजे प्रजाती एकच, जात तेवढी वेगळी. जिच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात म्हणून आपल्याकडे दीर्घकाळ विक्रीबंदी होती, त्या लाखोळीची ही चुलत बहीण युरोपीय संघाचे संरक्षित मूळस्थान-मानांकन मिरवत, नाजूक पिशव्यांतून महाग दराने विकली जाते, हे वाचून आपल्याला काय वाटेल याची मला कल्पना आहे. शेतकऱ्यांना लाखोळीपासून परावृत्त करण्यात नोकरीची पहिली काही वर्षे गेली, असे आपणच लिहिले आहे.

साडेतीन हजार वर्षांच्या दाव्याबाबत मात्र मी अर्धीच माघार घेईन. इसवी सनापूर्वीच्या सतराव्या किंवा सोळाव्या शतकात झालेल्या महाउद्रेकात बेटाच्या दक्षिण टोकाचे अक्रोतिरी हे नगर राखेखाली गाडले गेले. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ साली तेथे पद्धतशीर उत्खनन सुरू केले. दुमजली-तिमजली घरे, सांडपाण्याची गटारे, भिंतींवरची रंगीत चित्रे आणि धान्याचे रांजण तेथे सापडले, आणि त्या धान्यात याच क्लायमेनमचे जळके दाणेही होते. एवढे पुराव्याने सिद्ध आहे. ‘सलग’ हा शब्द मात्र मी उत्साहाच्या भरात घातला. उद्रेकानंतर बेटावर राखेचे कित्येक मीटर जाड थर बसले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या निर्मनुष्य राहिले. तेव्हा तेथे कोणी डाळ पेरत असणे शक्यच नव्हते. ती नंतर आलेल्या माणसांबरोबर दुसरीकडून परत आली असली पाहिजे. खरे सांगायचे तर, तुटून पुन्हा जुळलेली ही गोष्ट मला अखंड परंपरेच्या गोष्टीपेक्षा अधिक भावते, आणि तिच्याकडे मला आपल्या आक्षेपामुळेच वळावे लागले. मूळ लेखातील ती दोन वाक्ये मी आज दुरुस्त केली आहेत.

आता स्मशानातील पंगतीविषयी. हा आपला सर्वांत कठोर आक्षेप आहे आणि तो मला मान्य नाही. पहिली गोष्ट म्हणजे अक्रोतिरीत मृतदेह सापडलेले नाहीत. इटलीतील पाँपेई नगरासारखे राखेतले मानवी आकार तेथे नाहीत आणि मौल्यवान वस्तूही जवळजवळ नाहीत. आधीच्या भूकंपांनी सावध होऊन लोक किडूकमिडूक बांधून नगराबाहेर पडले असावेत, असाच त्यावरून निष्कर्ष निघतो. ते पुढे समुद्रावर वाचले की नाही, हा प्रश्न निराळा. पण माझे खरे उत्तर दुसरेच आहे. उद्रेक पाहणे आणि जेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपले गृहीतच त्या बेटावर टिकत नाही.

फिरा या बेटावरील मुख्य गावाच्या कड्यावर उभे राहिल्यावर समोर जे दिसते त्याला कॅल्डेरा म्हणतात. पोट रिकामे झालेला पर्वत स्वतःच्याच आत कोसळून झालेली ती सुमारे १२ किलोमीटर लांब आणि ७ किलोमीटर रुंद खाई आहे, आणि आज तिच्यात समुद्र आहे. कडा पाण्यापासून सुमारे ३०० मीटर उंच उठतो. त्यावर काळे, तांबडे, राखाडी असे थर एकावर एक दिसतात आणि सर्वांच्या माथ्यावर त्या महाउद्रेकाचा फिकट पांढरा थर असतो. स्थानिक लोक त्याला आस्पा म्हणतात. या आस्पाचे काय झाले ते पाहावे. तो कुदळीने सहज कोरता येतो आणि कोरल्यावर कोसळत नाही, म्हणून लोकांनी त्यात घरे खोदली. जगभरच्या दिनदर्शिकांवर दिसणारी ती पांढरी घुमटाकार घरे पुष्कळदा केवळ दर्शनी भाग असतात, उरलेले घर मागे राखेत असते. त्याच राखेत त्यांनी कानावा, म्हणजे वाइनची तळघरे, कोरली. तीच राख चुन्यात मिसळली की पाण्याखालीही घट्ट होते, म्हणून सुएझ कालव्याच्या कामासाठी ती जहाजे भरभरून गेली. आणि डाळ, टोमॅटो, वेल हे सारे तीवरच उभे आहे. अशा ठिकाणी ताटाकडे पाठ करून केवळ दृश्य पाहणारा माणूस निम्मेच बेट पाहून परततो, असे मला वाटते.

सह्याद्रीशी आणि नाशिकशी आपण केलेली तुलना मला मनापासून आवडली, कारण ती नेमका फरक दाखवण्याच्या कामी येते. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आलेल्या पातळ लाव्हाचा आहे; थरावर थर पसरत गेला, झिजला, आणि त्यातून पाणी धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी चिकण काळी माती तयार झाली. सँटोरिनीचा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, घट्ट आणि वायूंनी भरलेला होता. तो फुटला आणि त्याचा प्यूमिस, म्हणजे सच्छिद्र हलका दगड, व राख झाली. त्या जमिनीत चिकणमातीचा अंश जवळजवळ नाही, सेंद्रिय द्रव्य नगण्य आहे आणि पोटॅशही अल्प आहे. आपल्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत हा नमुना आला असता तर आपण शेतकऱ्याला दुसरा धंदा पाहण्याचा सल्ला दिला असता! त्यातून पाऊस वर्षाला साधारण ३५० ते ४०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी, आणि तोही हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत.

चिकणमाती नसण्याचा मोठा लाभ असा झाला की एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या द्राक्षबागा ज्या फायलोक्सेरा किडीने मुळापासून खाल्ल्या, ती येथील जमिनीत तगू शकली नाही. आपल्या नाशिक-सांगलीकडे क्षार आणि पाणीटंचाई यांवर उपाय म्हणून डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम करतात, फ्रान्स-इटलीत किडीच्या भयाने अमेरिकी खुंट वापरतात. सँटोरिनीचा वेल मात्र आजही स्वतःच्या मुळांवर उभा आहे. उभा म्हणणेही चूकच. ऑगस्टमध्ये तेथे मेल्तेमी नावाचा उत्तरवारा असा सुटतो की मांडव किंवा तारा टिकणार नाहीत, म्हणून छाटणीच्या वेळी काड्या एकमेकींत वळवून, वर्षानुवर्षे गुंफत, जमिनीलगत एक टोपली तयार करतात. तिला कुलूरा म्हणतात. द्राक्षाचे घड टोपलीच्या आत, वाऱ्यापासून आणि उन्हापासून आडोशाला, वाढतात. रात्री समुद्रावरून धुके येते, प्यूमिस स्पंजाप्रमाणे ते दव शोषून घेतो, आणि वेलाची तहान बरीचशी त्यावर भागते. काही दशकांनी टोपली थकली की ती बुडाशी कापतात व त्याच मुळातून नवा फुटवा धरतात. त्यामुळे वरचा वेल तरुण आणि मुळे शंभर वर्षांहून जुनी, असे सर्रास आढळते. मी तोडणी पाहायला मुद्दाम ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो. तोडणारी माणसे गुडघ्यांवर बसून टोपलीत हात घालत होती. खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणीचे वेळापत्रक कोळून प्यायलेल्या आपल्यासारख्या माणसाने ती बाग एकदा पाहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वाइनची जाहिरात केल्याबद्दल आपण नाराज आहात. न पिणाऱ्याने प्यावी असा माझा आग्रह नाही, पण त्या बेटाविषयी लिहिताना ती वगळणे म्हणजे रत्नागिरीवर लिहून आंबा वगळणे होईल. असिर्तिको हे तेथील मुख्य पांढरे द्राक्ष. कडक उन्हात पूर्ण पिकूनही त्याचा आंबटपणा शाबूत राहतो, आणि पोटॅश कमी असण्याचा हाच परिणाम आहे. १९७१ पासून या वाइनला मूळस्थानाचे कायदेशीर संरक्षण आहे. निख्तेरी हा त्यातील एक प्रकार; निख्ता म्हणजे रात्र. दिवसाच्या उष्म्यात रस बिघडू नये म्हणून पूर्वी द्राक्षे रात्रीच तुडवीत, त्यावरून हे नाव पडले. विनसान्तोसाठी घड सुमारे दोन आठवडे उघड्या उन्हात जमिनीवर पसरून सुकवतात आणि मग त्यांचा गोड, काळसर रस लाकडी पिंपांत निदान दोन वर्षे मुरवतात. तासगावच्या शेडमध्ये सावलीत, रॅकवर सुकणारा हिरवट बेदाणा मनात ठेवून हे अंगण पाहिले की गंमत वाटते: एकीकडे रंग टिकावा म्हणून खटाटोप, तर दुसरीकडे रंग काळवंडावा हीच अपेक्षा.

खाण्याबद्दल थोडक्यात. तेथील टोमॅटो लहान, जाड सालीचा आणि पाणी न देता वाढवलेला असतो. तो चिरून, कांदा, पुदिना व पीठ घालून तळलेले तोमातोकेफ्तेदेस म्हणजे आपण म्हणता तशी भजीच आहेत, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पांढरे वांगे, केपर या झुडपाच्या कळ्या आणि पाने, ख्लोरोतीरी नावाचे शेळीच्या दुधाचे ताजे चीज, हे सारे शाकाहारी माणसाला पुरेसे आहे. कड्यावरच्या ज्या उपाहारगृहात सूर्यास्तासाठी आम्ही जागा राखून ठेवली होती, तेथे फवा थंडगार, पिठूळ आणि अवाच्या सवा महाग मिळाली. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूच्या एका गावात, जेथून समुद्राचा थेंबही दिसत नव्हता, ती खरी कळली.

गर्दीबाबत आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि मूळ लेखात मी ते टाळले, हा माझा दोष आहे. सुमारे १५ हजार वस्तीच्या बेटावर वर्षाला तीस लाखांच्या वर पाहुणे येतात. काही दिवशी केवळ क्रूझ जहाजांतून दहा हजारांहून अधिक माणसे उतरत असत. आता दिवसाला ८ हजारांची मर्यादा ठरवली आहे आणि जुलै २०२५ पासून ऐन हंगामात जहाजाच्या प्रत्येक प्रवाशाकडून २० युरो आकारले जातात. जुन्या बंदरापासून फिरापर्यंतच्या सुमारे ५९० पायऱ्या चढताना गाढवांचे जे हाल होत, त्यावर टीका झाल्यानंतर २०१८ साली वजनाची मर्यादा घालावी लागली. पिण्याचे पाणी मुख्यतः समुद्राचे क्षार काढून मिळवावे लागते. यात मला सर्वांत अधिक खुपले ते द्राक्षबागांचे आक्रसणे. पोहण्याच्या तलावासह बांधलेल्या निवासांच्या दोन कुंपणांमध्ये अडकलेली कुलूरांची एक पट्टी मी पाहिली, आणि माझाही मुक्काम अशाच एका निवासात होता, हे येथे सांगितलेच पाहिजे. तरीही दृश्यापुरता येणारा पाहुणा जमीन हॉटेलाकडे ढकलतो, तर डाळीचे आणि द्राक्षाचे योग्य मोल देणारा निदान काही अंशी ती शेतकऱ्याकडे राखतो, असे मला वाटते. म्हणूनच मी खाण्यापिण्यावर एवढे लिहिले. कोणाला जायचेच असेल तर त्याने एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडावा, इया या गावातील सूर्यास्ताची रेटारेटी सोडून पिर्गोस गावाच्या माथ्यावरून किंवा फिरा ते इया या दहा किलोमीटरच्या पायवाटेवरून खाई पाहावी.

आणि ज्वालामुखी मी ‘पडद्यासारखा मागे टांगून ठेवला’ असे आपण म्हणता, त्यालाही आता माझी हरकत नाही. खाईच्या मधोमध असलेल्या निआ कामेनी या काळ्या बेटावरचा शेवटचा उद्रेक १९५० सालचा आहे. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि कितीतरी घरे पडली. २०२५ च्या आरंभी आठवडेच्या आठवडे धक्के बसत राहिले, तेव्हा हजारो रहिवासी जहाजांनी आणि विमानांनी बेट सोडून गेले आणि धक्के ओसरल्यावर परतले. अक्रोतिरीच्या लोकांनी जे केले असावे, त्याचीच ही पुढची आवृत्ती. हा परिच्छेद माझ्या मूळ लेखात असायला हवा होता.

आपण शेवटी विचारले होते की, आणलेली डाळ आपल्या पद्धतीने फोडणी देऊन करून पाहिली का. पाहिली. हिंग, जिरे, लसूण आणि सुकी मिरची घालून वरण केले. ते खळीसारखे दाटले आणि डाळीची मूळची गोडसर चव लसणाखाली पार दबून गेली. तेथे केपर आणि परतलेला कांदा घातलेल्या फवाला पान्त्रेमेनी, म्हणजे ‘लग्न झालेली’, म्हणतात. उरलेली पाव किलो डाळ आता फोडणी न देता, तेल, कच्चा कांदा आणि लिंबू घालून करणार आहे. पण त्याआधी भंडाऱ्याकडे लाखोळीचे वरण नेमके कसे करतात, हे आपण कळवलेत तर त्यातली मूठभर त्यासाठी बाजूला ठेवीन.

आपला नम्र,
लेखक