कोड 81 मधून सुटका

नोकरी मिळत नाही म्हणून रडणाऱ्याला गावात कुत्रंही विचारत नाही. तीच नोकरी शोधायची तुम्ही थांबवलीत, की देशाची आकडेवारी सुधारते. एवढं मोठं राष्ट्रकार्य घरबसल्या करता येतं, तरी ते शिकवणारा एकही क्लास पुण्याच्या सदाशिव पेठेत नसावा? म्हणून हा खटाटोप.

आधी हिशेब समजून घ्या. बेरोजगारीचा दर काढताना घरी बसलेले सगळे मोजत नाहीत. काम करणारे अधिक काम मागणारे म्हणजे श्रमशक्ती, आणि त्यात मागणारे किती, तो दर. समजा 95 जण कामावर, 5 जण शोधात. दर 5 टक्के. पाचातल्या दोघांनी कंटाळून नाद सोडला. आता 98 मध्ये 3, म्हणजे दर 3 टक्क्यांच्या आसपास. ना कारखाना आला, ना भरती निघाली, ना कुणाला फीत कापायला यावं लागलं. दोन माणसं पारावर जाऊन बसली, झालं काम.

मात्र नाद सोडायचा तर पुरता सोडायला हवा. केंद्राचं श्रमशक्ती सर्वेक्षण 2017 पासून चालू आहे आणि त्यात प्रत्येक माणसाला दोन आकडी कोड मिळतो. बेरोजगाराचा कोड 81. त्यात अडकायला अर्जच केलेला असावा लागतो असं नाही. ‘काम मिळालं तर करीन की’ एवढं म्हणालात तरी अडकलात. बरेच जण इथंच गचकतात. अर्ज भरणं सोडतात, जाहिराती बघणं सोडतात, आणि ऐन वेळी तोंडातून आशा निसटते. ‘तयार आहात का?’ असं विचारलं की सरळ ‘नाही’ म्हणायचं. घरी आरशासमोर सराव करा. मला स्वतःला हे जमायला चार वर्षं लागली.

आशा मारायचे उपाय सरकारने बरेच ठेवलेत. 2023 च्या तलाठी भरतीत जागा 4,644 आणि अर्ज 10 लाखांच्या वर. खुल्या प्रवर्गाला फी 1,000 रुपये. तेवढ्या पैशांत अभ्यासिकेचा महिना निघाला असता, पण अर्ज भरल्याशिवाय हार मानण्याचा हक्क कसा मिळणार? राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाला वयाची अट 38 पर्यंत, म्हणजे आशेलाही भरपूर मुदतवाढ आहे. मध्येच दम लागला तर 2024 पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे: शिक्षणाप्रमाणे महिना 6 ते 10 हजार, आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. बाराव्या महिन्यात काय, असं विचारू नये. विचारणारा पुन्हा 81 मध्ये जातो.

पुण्याहून परत येताना पुस्तकं अप्पा बळवंत चौकात विकू नका, भाव पडलेत. घरी आणा. आमच्याकडे राज्यघटना, अर्थव्यवस्था आणि भूगोलाचे दोन्ही भाग गव्हाच्या कोठीखाली आहेत. ओल लागत नाही. आई रोज झाडून काढते, पण कोठी हलवत नाही. लग्नात कुणी मामा ‘सध्या काय चाललंय?’ म्हणाले, तर ‘स्वतःचं काहीतरी बघतोय’ असं सांगून जिलेबीच्या दिशेने सरका. ‘स्वतःचं’ म्हणजे काय, हे मराठी माणूस पुढे विचारत नाही, ही आपल्या संस्कृतीची माया.

आता जायचं कुठल्या कोडात? दुसऱ्या एम.ए.ला नाव घाला, 91 मिळेल. ‘इतर’ म्हणून 97 आहे, पण त्यातच भिक्षेकरीही मोडतात, तेव्हा घरच्यांचा विचार करा. खरी राजेशाही वाट 21 ची: घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. हा कोड चक्क रोजगारात धरतात! आठवड्याच्या हिशेबात सात दिवसांत एक तास काम पुरतं. रात्रीच्या लाइटीला कांद्याला पाणी देऊन आलात, की तुम्ही रोजगारप्राप्त. मोटर तुमच्या हातून सुरू झाली नाही, तरी बसला होतात ना बांधावर!

बायकांना तर सोडायचेही कष्ट नाहीत. माझी वहिनी बी.एड. आहे. लग्नानंतर दोन वर्षं तिने शाळांत अर्ज दिले, मग एका दिवाळीला फराळाच्या गडबडीत शेवटची तारीख निघून गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही आलं नाही, असं ती म्हणते. पुरुषाने शोध थांबवला की घरात तोंडं उतरतात. तिने थांबवला तेव्हा सासूने देवाला पेढे ठेवले. कोड 92, घरकाम. पुढे म्हशी घेतल्या आणि ती 21 झाली. देशात 15 वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7 झाला, त्या वाढीत अशा बिनपगारी मदतनिसांचा मोठा वाटा आहे. धारा ती पहाटे पाचलाच काढते. दुधाचे पैसे दादाच्या खात्यात येतात.

शेवटी परीक्षेचा दिवस. सर्वेक्षणवाली मुलगी टॅब घेऊन ओट्यावर बसेल. तुम्ही पुढे होऊ नका, उत्तरं आईला देऊ द्या. ‘मुलगा काय करतो?’ ‘अभ्यास करायचा.’ ‘करायचा?’ आई आत बघेल. तुम्ही मोटरच्या स्टार्टरमध्ये डोकं घालून बसा. ‘शेतात मदत करतो का?’ ‘करतो की, बसून काय करेल!’ टॅबवर एक बोट पडेल आणि तुमचं मार्गी लागेल. मग वहिनीचं विचारतील. ती आत चहा टाकत असेल, तिचंही आईच सांगेल. मुलगी टॅब मिटत ‘काकू, त्यांचं शिक्षण किती लिहू?’ म्हणेल, तेव्हा मात्र आतून वहिनीचाच आवाज येईल, ‘बी.एस्सी., बी.एड. फर्स्ट क्लास लिहा.’

त्याला रकाना नसतो, फर्स्ट क्लासला. चहा घेऊन टाका, गार होतोय.