रस्ता शंभर मीटरच्या नियमाने अडत नाही, उशिरा केलेल्या पाहणीने अडतो

महामार्गाचं काम रखडलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हटकून फिरू लागतो. "दोन पडक्या दगडांसाठी पुरातत्त्व खातं शंभर मीटरचा नियम दाखवतं आणि रस्ता अडवतं. दगड उचलून संग्रहालयात ठेवा, नाहीतर परदेशासारखा बोगदा काढा." रस्ता हवाच, त्याबद्दल वाद नाही. बाकीच्या मजकुरातलं एकही वाक्य मात्र टिकत नाही.

आधी नियम. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन करता येतं. कित्येक किलोमीटर लांबीच्या महामार्गाला एवढं वळण घेणं अवघड नाही, मात्र ते वेळेवर घ्यायला हवं. पुणे मेट्रोचा वनाज–रामवाडी मार्ग आधी नगर रस्त्याने, केंद्र-संरक्षित आगाखान पॅलेसच्या जवळून जाणार होता. डिसेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा ही अट कायद्यात येऊन सहा वर्षं झाली होती. तरी आखणी नंतर बदलावी लागली आणि मार्ग कल्याणीनगरमधून वळला. मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत मेट्रो धावली. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्यांचा परिसरही जसाच्या तसा राहिला. वेळ गेलाच असेल, तर तो आधी माहीत असलेली अट नंतर विचारात घेतल्यामुळे.

"पुरातत्त्व खातं सगळंच अडवतं" हे तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. केंद्र-संरक्षित स्मारकं देशभरात साडेतीन हजारांहून जास्त आहेत. त्यांतली २४ सापडतच नाहीत, असं २०२२ साली संसदीय समितीसमोर आलं. त्यांत हरयाणातले मुजेसर आणि शहाबादचे कोस मिनारही होते, म्हणजे जुन्या राजरस्त्यावर अंतर दाखवण्यासाठी उभारलेले मनोरे. ही यादीतल्या स्मारकांची गत. आपल्या गावोगावच्या बारवा, सतीशिळा, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड) बहुतेक कुठल्याच यादीत नाहीत. त्यांना शंभर काय, एक मीटरचंही संरक्षण नाही.

मग "उचलून ठेवा". वीरगळ नीट पाहिला आहे का? खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा पळवलेल्या गाईंसाठी झालेली. वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. पण तो माणूस कुठल्या गावासाठी पडला हे दगडावर बहुधा कोरलेलं नसतं. दगड जिथे उभा आहे, ती वेस किंवा ते देऊळच ते सांगतं. तिथून हलवला आणि आधी नोंद केली नाही, की ती माहिती कायमची गेली. श्रीशैलम धरणाच्या पाण्यात जाणारं कुडवेलीचं संगमेश्वराचं देऊळ उतरवून तेलंगणातल्या आलमपूरला पुन्हा उभारलं. काम कौतुकाचंच आहे, पण धरणाला सहसा दुसरी जागा नसते. रस्त्याला बहुतेक वेळा असते.

परदेशातल्या बोगद्याचं उदाहरण बहुधा इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचं, म्हणजे तिथल्या प्राचीन शिळांच्या वर्तुळाचं असतं. तिथला ए-३०३ रस्ता शिळांपासून जेमतेम १६५ मीटरवरून जातो. सुमारे सव्वातीन किलोमीटरचा बोगदा ठरला, पण जागतिक वारसा क्षेत्राची रुंदी त्याहून जास्त. त्यामुळे पश्चिमेकडचं तोंड आणि तिथला खोल खोदलेला रस्ता वारसा क्षेत्रातच येणार होता. युनेस्कोने आक्षेप घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये सरकारने खर्चाचं कारण देऊन योजनाच रद्द केली. तो बोगदा झालेलाच नाही.

मागणी साधी आहे. भूसंपादनाची थ्री-ए अधिसूचना, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३-ए खाली जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी सूचना, निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक गावात पायी फिरून पाहणी करा आणि जुनं जे दिसेल ते नकाशावर घ्या. तेव्हा आखणी दीडशे मीटर सरकवायला अभियंत्याचा थोडा वेळ लागतो. मोबदला वाटल्यावर तेच करायला नवी अधिसूचना आणि नव्या हरकती लागतात. शिवाय थ्री-एनंतर हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात, तेही ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्यालाच. वेशीवरच्या वीरगळाच्या वतीने हरकत घेणारा कुणी नसतो.